तोंडात औषध असताना

ओटिलियाच्या जिभेला हाड नाही,
हे आमच्या बेटावर होड्यांनासुद्धा ठाऊक आहे.
चव्वेचाळीस वर्षं मी तिच्या बोलण्यात राहतो,
धबधब्याशेजारी घर बांधून राहावं तसा.

तर त्या ऑगस्टात तिची जीभ पांढरी झाली.
मला वाटलं, दूध प्यायली असेल.
मग गालांच्या आत, टाळूवर, कवळीखाली
नासलेल्या दुधासारखे कण.
पुसले की खाली लाल, हुळहुळं.
शिंपल्यांच्या रश्श्याला ती कोमट चिखल म्हणाली,
आणि बटाटे, तिनंच लावलेले, तिनंच खणलेले,
कागदासारखे लागले तिला.

एर्मेलिंदा, माझी बहीण. तिच्या खणात
प्रत्येक दुखण्याचं काही ना काही उरलेलं असतं.
रुमालात बांधून एक गुलाबी कॅप्सूल घेऊन आली.
"एकच गिळ. माझं एका रात्रीत गेलं."
तिचं दुखणं वेगळ्या जागचं होतं,
पण बुरशी तीच, असं तिचं म्हणणं.

ओटिलिया गिळणारच होती. पाण्याचा पेला हातात.
पण माझ्या गुडघ्यासाठी पलीकडच्या दवाखान्यात जायचंच होतं,
भरतीही चढली होती,
म्हणून म्हणाली, यास्नाला विचारू, एवढी काय घाई.

यास्ना कोलिवोरो. पाळण्यात पाहिलेली पोर.
तिनं आधी जीभ नाही पाहिली, आधी विचारलं,
"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना?"
आहे. अर्धी, पाव, अर्धी, वारांप्रमाणे,
कॅलेंडरवर माझ्याच अक्षरात.
"आणि दम्याचा पंप? मारल्यावर चूळ भरता?"
ओटिलियानं माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीकडे.

यास्नानं कॅप्सूल उजेडात धरली.
औषध चांगलं आहे, म्हणाली, वाईट नाही.
पण ही त्या गोळीचा जोर वाढवते,
रक्त गोठायचं विसरतं.
नाकातून येतं, लघवीतून,
कधी डोक्याच्या आत, जिथलं दिसत नाही.
"दोन्ही द्यायची वेळ आलीच,
तर डॉक्टर रक्त तपासत तपासत देतात.
रुमालातून नाही."

मग रेडिओवर डॉक्टरांशी बोलली, खरखरीतून,
आणि कपाटातून पिवळ्या औषधाची बाटली काढली.
दिवसातून चार वेळा. कवळी काढून.
तोंडभर घोळवायचं, धरवेल तितका वेळ धरायचं, मग गिळायचं.
पांढरं गेलं तरी आणखी दोन दिवस.
"आणि तोवर," यास्ना म्हणाली, "बोलायचं नाही."
मी हसलो. ओटिलिया हसली नाही.

आमचं घड्याळ टिकटिक करतं,
हे मला त्या संध्याकाळी कळलं.
छपरावरचा पाऊसही वेगळा वाटला, जवळचा.
ती समोर बसलेली, गाल फुगलेले,
ओठ घट्ट, डोळे चुलीकडे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बोलून गेलो.
कसा, माहीत नाही. जागा मोकळी होती म्हणून असेल.
म्हणालो, निबाल्दोनं बोलावलं होतं आपल्याला,
गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात, पुंता अरेनासला.
तिकिटं तो काढणार होता.
मीच नको म्हणालो. जाळी आहेत, मेंढ्या आहेत.
तुला सांगितलं नाही.

तिचे डोळे मोठे झाले.
तिला थुंकता येत नव्हतं, औषध होतं.
गिळताही येत नव्हतं, वेळ झाली नव्हती.
एक हात टेबलावर, बोटं पसरलेली.
घड्याळ चालू.

मग तिनं गिळलं. मी मान खाली घातली.
तिनं कवळी बसवली, नीट, दोन्ही अंगठ्यांनी,
आणि एवढंच म्हणाली,
"पुढचं संध्याकाळी सांग."

नवव्या दिवशी तिनं रश्श्यात मीठ कमी काढलं,
एर्मेलिंदाच्या देखत.
बाटली कधीच संपली. बाटलीत आता पॅराफिन आहे
असं ती म्हणते, मी उघडून पाहिलेलं नाही.

आता पंप मारला की चूळ भरते, न चुकता.
खळखळून बाहेर थुंकायचं, बस्स, यास्नानं सांगितलेलं तितकंच.
पण कधी कधी
पाणी तोंडात तसंच ठेवून ती स्वयंपाकघरात येते,
माझ्यासमोर बसते, गाल फुगवून,
आणि भुवया उंचावते.